पहिला नंबर सोडून

माझ्या मेडिकलच्या काउंटरमागं खिळ्याला एक यादी टांगलेली होती. लातूर, निलंगा, लोहा, बिलोली, नांदेड इथल्या छोट्या मेडिकलवाल्यांचे फोन नंबर. अक्षर माझंच. त्यातला पहिला नंबर रस्त्यापलीकडच्या, अगदी समोरच्या दुकानाचा होता, आणि तेवढाच मी सात वर्षांत एकदाही फिरवला नव्हता.

यादी भूकंपातली. तेव्हा मी डी.फार्म. होऊन त्या समोरच्याच दुकानात नोकरीला होते. मालकांना काका म्हणायचे. भूकंप झाला त्या सकाळी काकांनी दुकानातलं होतं नव्हतं ते जीपमध्ये भरलं आणि मला म्हणाले, बस. किल्लारीकडच्या एका मांडवात आम्ही आठ दिवस औषधं देत बसलो. नांदेडचे एक वयस्क मेडिकलवाले आले होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. निलंग्याचे दोघं भाऊ होते. कुणाचा खोका कुणी फोडला, कुणी विचारलं नाही. निघताना ठरलं की हे असंच चालू ठेवायचं. आपल्याकडं औषध नसलं तर यादीतल्या पहिल्या नंबरापासून विचारत जायचं, गिऱ्हाईक माघारी धाडायचं नाही, आणि उसनं औषध औषधानंच फेडायचं. पुठ्ठ्यावर यादी मी लिहिली. काका शेजारीच बसलेले, म्हणून त्यांचा नंबर पहिला.

त्याच मांडवात मी त्यांची बोलणीही खाल्ली होती. धनुर्वाताची इंजेक्शनं मी सरळ बर्फावर ठेवली. काकांनी धावत येऊन ती उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "बर्फाला औषध टेकू द्यायचं न्हाई, पोरी. गोठलं की मेलं."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं घरावर मजला चढवला आणि होस्टेलची पाटी लावली. पोरं आली म्हणजे त्यांचे ताप, खोकले, पित्तं आलीच. काकांच्या दुकानासमोरचा गाळा रिकामा झाला आणि माझं मेडिकल टाकायला मी तो घेतला. घेण्यात गैर काहीच नव्हतं. पण काकांना सांगितलं ते गाळा ठरल्यावर, पाटी रंगवायला टाकल्यावर. ते एवढंच म्हणाले, "समोरच?" आणि बोलणं बंद. मीही काही कमी नव्हते. ते बोलत नाहीत तर मी का म्हणून बोलू! नाकावर माशी बसू द्यायची नाही हा माझा स्वभाव, आईनं त्यावर कितीदा कपाळ बडवून घेतलं होतं.

तर ही गोष्ट बारावीच्या परीक्षेच्या दिवसांतली, रविवारची. लोह्याकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी आमच्या गल्लीतल्या होस्टेलात होती. तिला लहानपणापासून साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घ्यावं लागायचं. होस्टेलात फ्रिज कुठला? तिचे वडील महिन्याच्या बाटल्या माझ्या फ्रिजमध्ये ठेवून जायचे. जाताना हात जोडून म्हणायचे, "ताई, लेकरू तुमच्या भरवशावर हाय." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी डीपी जळाली आणि गल्लीतली लाईट गेली. फ्रिज कोमट व्हायला लागला. मी रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, मोठ्या थर्मासमध्ये भरला, आणि बर्फ टिकावा म्हणून कुल्फीवाले टाकतात तसं वरून मूठभर मीठ टाकलं. कसली मी दीडशहाणी! त्यात तिच्या बाटल्या, माझ्या बाटल्या, सगळ्या खोचून बसवल्या आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बसले.

पाच वाजता ती नवी बाटली न्यायला आली. जुनी सकाळीच संपली होती. मी थर्मास उघडला. मिठानं बर्फ उलट जास्तच गार झाला होता, बाटल्या दगड झाल्या होत्या. एक हातात धरून ऊब दिली तर आत कण्या धरलेल्या. सगळं औषध मेलं होतं, आणि मारलं होतं मी. तिला आठ वाजता जेवणाआधी इंजेक्शन हवं होतं. नाही मिळालं तर साखर चढणार, आणि उद्या तिचा फिजिक्सचा पेपर.

तिला मी खरं सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही. स्टुलावर बसली, वही मांडीवर घेतली आणि गणितं सोडवायला लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मी यादी काढली आणि दोन नंबरपासून सुरुवात केली. होय, दोन नंबरपासून. समोर काकांचं दुकान उघडं, ते स्वतः गल्ल्यावर बसलेले मला दिसत होते. पण माझं बोट पहिल्या नंबरावर जाईना. शहरातली बाकीची दुकानं रविवारची बंद. निलंगा, लोहा, बिलोली, कुठंच ते इन्शुलिन नव्हतं. शेवटी नांदेडच्या दादांना लावला. त्यांच्याकडं होतं. पण लातूरची गाडी सहाला सुटते, ड्रायव्हरजवळ दिलं तरी पोचायला दहा वाजतील, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, समोर विचारलं का? मी गाडीचंच विचारत राहिले. दादांनी फोन ठेवला.

मुलीनं वहीतून मान वर केली. "ताई, समोर जाऊ का मी?"

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. काउंटरची फळी उचलून मी बाहेर पडले, चपलाही घातल्या नाहीत. रस्त्याच्या मध्यावर आले तर पलीकडून काका येत होते. दादांनी त्यांना फोन केला होता. हातात छोटा थर्मास, आणि त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली.

त्यांनी माझ्या दुकानात येऊन बाटली मुलीच्या हातात दिली, इंजेक्शन घेऊन नीट जेव म्हणाले. मग माझी एक गोठलेली बाटली उजेडाला धरली.

"टेकवलीस?"

"टेकवली, काका."

बस, तेवढंच. ते निघून गेले. मुलगी जेवली, सकाळी पेपरला गेली.

सोमवारी लाईट आली, माल आला, आणि तिच्या सगळ्या बाटल्यांची भरपाई मी माझ्या मालातून केली. फेडायची बाटली मी कागदात गुंडाळली आणि सात वर्षांनी काकांच्या दुकानाची पायरी चढले. काउंटरवर बाटली ठेवली आणि काउंटरच्या बाहेरच उभी राहिले. माफी मागायची होती, बाटलीची नाही, न सांगता रंगवलेल्या त्या पाटीची.

काकांनी बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी काउंटरची फळी उचलून धरली.

"तिथं गिऱ्हाईक उभं राहतं," ते म्हणाले. "तू आत ये."