जनाबाईंनी काढलेले वाभाडे

जनाबाई कात्रीला हात लावत नसत. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून जुन्या साड्यांचे गाठोडे आणायचे, काठाला दातांनी चीर द्यायची आणि सुताच्या रेषेत कापड सरळ फाडत न्यायचे. त्या पट्ट्यांना त्या वाभाडे म्हणत आणि त्यांच्या गोधड्या शिवत. एखाद्याची कठोर निंदा करणे म्हणजे त्याचे वाभाडे काढणे, हा अर्थ या फाडण्यातूनच आला असावा, असे माझे मत आहे. बदलापूरच्या आमच्या चाळीत दोन्ही कामे त्यांच्याच ओट्यावर चालत.

"सूत सोडून फाडलं का कापड वाया जातं," असे त्या सांगत. माणसाचेही तसेच. ज्याने जे केले, तेवढेच फाडायचे. त्याच्या आईबापाला, जातीला, रूपाला हात लावायचा नाही. मी सरकारदरबारी पत्रे लिहितो म्हणून मला त्या 'वकील' म्हणून चिडवत, तेही याच मर्यादेत.

ऐंशीच्या दशकात चाळ रिकामी करून घेण्यासाठी मालकाने आमचा नळ तोडला. भाडेकरूचे पाणी असे तोडता येत नाही, हे मी त्याला रजिस्टर पत्रांनी कळवत राहिलो. त्याने पोचपावतीवर सही करण्यापलीकडे काही केले नाही. तो भाडे घ्यायला आला, तेव्हा सर्वांनी जनाबाईंना पुढे केले.

"शेट, भाड्याला तोंड दाखवतोस नि पाण्याला पाठ. घरी पावना आला, पाणी मागला, तं काय सांगू? आमचा शेट वारला, सुतक हाय?"

चाळ पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला: ही बाई खोली सोडील, तर नळ जोडून देतो.

पाणी हा हक्क आहे, तो माणूस विकून घ्यायचा नसतो, हे मी ओरडून सांगितले. परंतु ज्यांनी त्यांना पुढे केले होते, तेच त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. जनाबाय, तुमचा एकटा जीव, वांगणीला भाऊ आहे, आमची पोरंबाळं आहेत. त्या गाठोडे बांधत होत्या. मला राहवले नाही. यांना एक शब्द तरी बोला, असे मी म्हणालो.

"कुजक्या कापडाचं वाभाडं निघत नाय, वकील. हातातच येतं."

त्या गेल्या. संध्याकाळी नळाला पाणी आले. हंडे घेऊन सारी चाळ रांगेत उभी राहिली, आणि त्या दिवशी नंबरावरून कोणी कोणाशी भांडले नाही.