अंगठ्याची बिजागरी

फिटरकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवत. कोणती बिजागरी लवकरच कुरकुरणार, हे ते आधीच सांगत आणि मग ती खरंच कुरकुरे. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. मूळचे नागपूरकडचे, सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून केलेली. लहानपणी मला ते जादूगार वाटत. पुढे मोठी झाले तरी ते मत बदलावंसं वाटलं नाही.

"घट्ट नको, ढिलं नको, चाल पाहिजे," हे त्यांचं पालुपद. दोन भाग एकमेकांवर मोकळे सरकावेत एवढीच फट, तिला ते चाल म्हणत. काकूंच्या पुरणपोळीलाही ते हीच कसोटी लावत, आणि काकू त्यांना खुशाल ओरडत.

मी स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम म्हणजे एका दवाखान्याचं ॲप. वर तीन टॅब: नंबर, गोळ्या, रिपोर्ट. बोटानं आडवं सरकवलं की एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचं. माझ्या फोनवर ते लोण्यासारखं सरके. पण म्हाताऱ्या पेशंटांनी गोळ्यांची यादी वर सरकवायला घेतली की भलतंच रिपोर्टचं पान समोर येई. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, "सोमवारपर्यंत सुधारा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. "तोंड काऊन पाडून राहिली पोरी?" त्यांनी विचारलं. मी फोन पुढे केला. त्यांनी यादी चार वेळा सरकवली आणि दोनदा पान बदललं. मी म्हटलं, "काका, तुम्ही सरळ वर सरकवत नाही आहात."

त्यांनी आतून शाईचं पॅड आणलं, माझा अंगठा त्यात बुडवला, फोनवर कागद गुंडाळला आणि म्हणाले, "आता सरळ वर ने."

कागदावर उजवीकडे झुकलेली कमान उमटली.

"अंगठ्याला खाली बिजागरी असते. बिजागरीवरचा दरवाजा कधी सरळ जाते का? तू माणसाला चुकीचं म्हणून राहिली, चूक तर तुझ्या चालीत आहे."

मी त्या कमानीकडे बघतच राहिले. दोन महिने मी पडद्याकडे बघत होते, आणि या माणसानं पाच मिनिटांत हाताकडे पाहिलं होतं. तेवढा झुकाव ॲपनं माफ करावा, असा बदल मी केला. सोमवारी डॉक्टरांनी स्वतः यादी सरकवून पाहिली आणि काम माझ्याकडेच राहिलं.

पुढच्या वर्षी काकांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. मी भेटायला गेले तेव्हा ते डाव्या हातात फोन धरून त्याच ॲपमध्ये स्वतःच्या गोळ्या शोधत होते, आणि पान पुन्हा पुन्हा निसटत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फक्त उजव्या अंगठ्याचा झुकाव माफ केला होता.

काकांनी काकूंना खूण केली. काकूंनी शाईचं पॅड आणलं. काकांनी डावा अंगठा बुडवून कागदावर हळूहळू वर नेला. ही कमान डावीकडे झुकलेली होती. कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. रागाचा मागमूस नव्हता, शिकवण्याची घाई मात्र होती.

तिसऱ्या दिवशी मी दुरुस्त केलेलं ॲप घेऊन गेले. त्यांनी यादी वर नेली. पान जागेवर राहिलं. त्यांनी पुन्हा नेली, पुन्हा राहिलं. मग वाकड्या झालेल्या ओठांतून दोन शब्द निघाले, "चाल... आली."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आजही नवी स्क्रीन तयार झाली की मी आधी ती डाव्या अंगठ्यानं सरकवून बघते.