दीड वाजताची नोंद

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. तीस वर्षं सरकारी नर्स होते, इतकी माणसं जाताना बघितली की भीती उरत नाही. पण ही एक गोष्ट नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही...

बहात्तरचा दुष्काळ. मी नगरला मुलांच्या वॉर्डमध्ये होते, भिंगारहून सायकलवर यायचे. मिरजगावकडच्या एका तलावाच्या कामावरून सात वर्षांच्या सकूला आणलं होतं. आई माती वाहत होती, लेक दगडांच्या ढिगावरून डोक्यावर पडली. शुद्धीवर होती, बोलत होती. अशा पोराला दर अर्ध्या तासाने उठवायचं, नाव विचारायचं, टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या आणि चार्टवर लिहायचं. एक बाहुली मोठी दिसली, की आत रक्त साकळतंय, लगेच डॉक्टरांना बोलवायचं.

रात्री एक वाजता सगळं ठीक होतं. दीडला टॉर्च काढला, तर आईने हात जोडले.

"शिष्टरबाई, आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा. रातभर ओकत हुती. झोपू द्या की."

दया आली. आणि खरं सांगू? कंटाळाही आला होता. तीस खाटा आणि मी एकटी. सकूला हात न लावताच लिहिलं — 'बाहुल्या समान. हाकेला उत्तर देते.' सही केली, पेन खिशात ठेवलं, चार्ट खाटेला अडकवला.

दोन वाजता सकू उठेना. उजवी बाहुली मोठी झालेली. धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी आधी चार्ट वाचला.

"दीडला दिसलं, आणि मला आत्ता सांगताय, सिस्टर?"

मी बघितलं. दीडच्या रकान्यात होतं — 'उजवी बाहुली मोठी. उठत नाही.' अक्षर माझं, सही माझी. खाडाखोड कुठेच नाही.

हे मी लिहिलं नाही, असं म्हणणार होते. पण मग मी काय लिहिलं होतं, तेही सांगावं लागलं असतं. उशिरा कळवल्याबद्दल मेमो मिळाला, तो मुकाट्याने घेतला.

सकू दिवस मावळायच्या आत गेली. तिची आई माझ्या पाया पडली. म्हणाली, "लेकराला घटकाभर झोपू दिलं तुमी. लई उपकार झाले."

पुढे नोकरीभर एकाही आईचं ऐकलं नाही. पोरं रडायची, आया शिव्या द्यायच्या, मी उठवायचेच.

तो चार्ट कुणी बदलला, मला आजही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे, की त्यावर जे होतं ते खरं होतं, आणि मी लिहिलेलं खोटं.