स्टिअरिंगवरची पाटी

बद्रीनाथ आवचार कारखान्यातल्या नोकरीसाठी परभणीहून पुण्यात आला तेव्हा त्याला दोन गोष्टींची धास्ती होती: चौकातल्या वाहतुकीची आणि पुणेकरांच्या बोलण्याची. वाहतूक अंगवळणी पडली. बोलण्याची शिकवणी मात्र गुलटेकडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जब्बारभाईंनी घेतली.

जब्बारभाईंचं रविवार पेठेत कुलपांचं दुकान. घराणं कैक पिढ्यांचं पुण्याचं, त्यामुळे त्यांचा 'ळ' आणि 'ण' ऐकत राहावा असा. बद्रीनाथनं जिन्यात "काय करायलात?" विचारलं की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, करायला काही नाही, करतोय मात्र बरंच. सुटीच्या दिवशी दोघं स्कूटरवरून पेठांमध्ये हिंडत आणि फाटकांवरच्या, दुकानांतल्या खवचट पाट्या वाचून पोट धरून हसत. बद्रीनाथला त्या पाट्या तोंडपाठ झाल्या. आपल्यालाही असं तिरकस लिहिता यावं ही त्याची फार हौस होती, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात ते खोटं आहे.

पुढे कारखान्यांनी माणसं कमी करायला आणि खराडीकडे काचेच्या इमारती उठायला एकच गाठ पडली. बद्रीनाथनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती याची. हातात वेळच वेळ होता, म्हणून दोघा मित्रांनी भागीत एक जुनी गाडी घेतली. एक आठवडा खालच्यांचा, एक वरच्यांचा. भागीचं घोडं किवणानं मेलं, असं सोसायटीत दोघातिघांनी ऐकवून पाहिलं. हे दोघे हसले.

एका दुपारी स्वारगेटच्या कोंडीत गाडी तापून तिचा काटा वर चढला. जब्बारभाई म्हणाले, गॅरेजला दाखवू. बद्रीनाथला तो अपमान वाटला. ज्याचा जन्म यंत्रांत हात घालण्यात गेला, त्यानं गॅरेजच्या पायऱ्या झिजवायच्या? त्यानं इंजिनावरचं झाकण खोलून थर्मोस्टॅट काढला. मिस्त्री लोक त्याला व्हॉल म्हणतात. इंजिन गार असेतो हा पाण्याची वाट अडवून धरतो, आणि तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे गार व्हायला सोडतो. तो बिघडला की नाही हे घरात तपासता येतं. बद्रीनाथनं बायकोचं, सत्यशीलाबाईंचं चहाचं पातेलं घेतलं, पाण्यात व्हॉल सोडला आणि गॅस पेटवला. जब्बारभाईंना मुद्दाम खाली बोलावून घेतलं. पाणी तापलं तसा व्हॉल शिंपल्यासारखा हळूच उघडला. जब्बारभाईंनी मनापासून शाबासकी दिली. सत्यशीलाबाईंनी, आता या पातेल्यात चहा तुम्हीच प्या, एवढंच सांगितलं.

व्हॉल ठणठणीत होता. दोष रेडिएटरच्या जाळीत साचलेल्या चिखलाचा होता. तो बद्रीनाथनं धुऊन काढला, व्हॉल परत बसवला आणि गाडी दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर गाडी जास्तच तापू लागली. पण तापायची ती जब्बारभाईंच्या हातात. बद्रीनाथ सकाळच्या गारव्यात जवळच्या मंडईपर्यंत जाऊन यायचा, तेवढ्यात काही व्हायचं नाही. जब्बारभाई लांब जायचे, आणि परत आले की टाकीतलं पाणी खाली गेलेलं. बद्रीनाथचं निदान पक्कं झालं: हा माणूस पाणी बघत नाही. दुकानदार तो, त्याला यंत्राची काय कदर? त्यानं हे सत्यशीलाबाईंना सांगितलं, शेजारच्या दिगंबररावांना सांगितलं, वॉचमनला सांगितलं. एका जब्बारभाईंना तेवढं सांगितलं नाही.

मग नाजिमाची मुलाखत आली. जब्बारभाईंची ही धाकटी, घरात पहिलीच इंजिनिअर. खराडीच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. जब्बारभाई तिला सोडायला निघाले, पण नगर रोडवर भर उन्हात बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी थांबली. पोरगी रिक्षा शोधत धावली, घामानं भिजून पोचली, तोवर तिची वेळ निघून गेली होती. पुढच्या वेळी बघू, असं तिला गोड इंग्रजीत सांगण्यात आलं. जब्बारभाई गाडी टोचन लावून घरी आणेपर्यंत दिवस मावळला.

बद्रीनाथनं खिडकीतून गाडी येताना पाहिली, मुलाखतीचंही कानावर आलं. वर जाऊन पोरीची विचारपूस करावी, हे त्याला सुचायला हवं होतं. त्याला सुचली पाटी. पुठ्ठा घेतला, वळणदार अक्षर काढलं आणि सकाळी स्टिअरिंगला सुतळीनं बांधून टाकली:

'गाडी पाण्यावर चालत नाही, परंतु पाण्यावाचूनही चालत नाही. ज्यांना कळते त्यांनी घालावे. ज्यांना कळत नाही त्यांनी बसने जावे.'

वाक्य जमलं होतं, यात शंका नाही. गुरूची विद्या गुरूला फळली. दिगंबरराव वाचून हसले, वॉचमन हसला. जब्बारभाई खाली आले, चष्मा वर करून त्यांनी शांतपणे वाचलं. आपली किल्ली त्यांनी वॉचमनकडे दिली आणि ते बसनं दुकानात गेले. नंतर जिन्यात भेट झाली की ते बाजूला होऊन वाट देत, आणि बद्रीनाथला 'आपण' म्हणत. इतकी वर्षं 'तू' ऐकलेल्या माणसाला त्या 'आपण'नं कसं वाटतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. वर्ष सरायच्या आत त्यांनी जागा विकली आणि ते कोंढव्याला राहायला गेले. जाताना जब्बारभाईंच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी सत्यशीलाबाईंना मिठी मारली. पुरुष माणसं सामानाकडे बघत राहिली.

आता गाडी एकट्या बद्रीनाथची झाली. पाहुणे आले म्हणून तो त्यांना खडकवासल्याला घेऊन निघाला. निघताना त्यानं स्वतःच्या हातानं गळ्यापर्यंत पाणी भरलं होतं. वाटेतच वाफ निघाली. त्यानं हात लावून पाहिलं. इंजिन चटका देत होतं आणि रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी गारढोण होती. म्हणजे पाणी पुढे जातच नव्हतं. घरी येऊन त्यानं झाकण खोललं. व्हॉलची स्प्रिंग इंजिनाकडे हवी, ती बाहेर होती. पातेल्यातून काढून शाबासकीच्या भरात त्यानं तो उलटा बसवला होता. उलट्या व्हॉलला इंजिन तापल्याचं कळत नाही. तो वाट अडवून बसतो, आणि पाणी उकळून उतू जातं. म्हणजे जब्बारभाई पाणी रोज भरतच होते.

व्हॉल सुलटा करायला अर्धा तासही लागला नाही. कोंढव्याला जायला वर्षं लागली. कोंढवा काही परभणीइतका लांब नाही. पण आज पाऊस आहे, उद्या त्यांचे रोजे असतील, परवा दुकान उघडं असेल, असं करत बद्रीनाथनं स्वतःला फसवलं. आतून त्याचं मन त्याला खात होतं. शेवटी सत्यशीलाबाई म्हणाल्या, "इंजिन उघडता येतं ना? मग तोंडही उघडा."

जब्बारभाई थकले होते. त्यांनी दार उघडलं, आत बसवलं, चहा मागवला. नाजिमा आता बंगळूरला चांगल्या नोकरीत होती, हे त्यांनीच सांगितलं. बद्रीनाथनं मान खाली घालून व्हॉलची सगळी हकीकत सांगितली. चूक माझी होती, म्हणाला. तुम्हाला फार बोल लावला, म्हणाला. त्याचे डोळे भरून आले.

जब्बारभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "व्हॉलचं काय, कोणाच्याही हातून उलटा बसतो," ते म्हणाले. "पण पाट्या परक्यांसाठी असतात, बद्रीनाथ. घरच्या माणसाला हाक मारायची असते. मी वरच तर राहत होतो."

मग त्यांनी कप पुढे सरकवला आणि चहा गार होतोय, आपण घ्यावा, असं म्हटलं.