पायाकडची जाळी

"रफिकभाई, बॉक्स गार होईना झालाय. लवकर या."

सकाळीच नेकनूरहून दत्ताचा फोन. दत्ता म्हणजे गुरुजींचा पुतण्या. गुरुजी आदल्या दिवशी गेले होते आणि संध्याकाळी मीच बॉक्स लावून बीडला परतलो होतो.

बॉक्स म्हणजे मृतदेह ठेवायचा काचेच्या झाकणाचा फ्रीजर. माझं काम फ्रीज-एसी दुरुस्तीचं, त्याच्या जोडीला हे बॉक्स भाड्याने देतो. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत, पण ज्यांची मुलं परदेशात, त्यांना थांबावंच लागतं. गुरुजींची एकुलती एक मुलगी सुनंदाताई जर्मनीत. तिने मला स्वतः फोन केला होता. "रफिकभाई, मी येईपर्यंत बाबांचा चेहरा राहील ना?"

"या ताई, निवांत या. मशीन नवं हाय," मी म्हणालो. गुरुजींनी मलाही शिकवलेलं. नाही कसं म्हणणार?

पोचलो तर अंगणात ही गर्दी. मे महिन्याचं ऊन मांडवातून खाली उतरत होतं आणि बॉक्स दिसतच नव्हता. भोवती पांढरं कापड गुंडाळलेलं, पायाशी हारांचा ढीग. ढिगात हात घातला तर झेंडू शिजल्यासारखा गरम लागला.

लोकांना वाटतं मशीन थंडी तयार करतं. थंडी तयार होत नसते. मशीन आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं, बस. बाहेर टाकायची वाट म्हणजे खालची जाळी. ती कंपनीने दिलीय पायाकडे. आपली माणसं नेमकी तिथेच वाकतात, तिथेच हार ठेवतात. गरम हवा कोंडली, तीच मशीनने पुन्हा ओढली, कॉम्प्रेसर तापला आणि ट्रिप झाला, म्हणजे जळू नये म्हणून आपोआप बंद पडला.

मी हार उचलायला लागलो. एक म्हातारे ओरडले, "कावून रे, गुरुजींचे हार काढायलास?"

"बापू, मशीनचा श्वास कोंडलाय. हार तिकडं बाजेवर ठेवतो."

दत्ताने त्यांची समजूत घातली. मशीन सुरू झालं, थोड्या वेळात बॉक्सवरचा तापमानाचा आकडा उतरला.

"झालं की गार!" दत्ता म्हणाला.

"हा आकडा हवेचा हाय, दत्ता. गुरुजींचा न्हाई. आता झाकण उघडू देऊ नका."

फ्रीजमध्ये गरम दुधाचं पातेलं ठेवलं तर आतली हवा लगेच गार होते, दूध होत नाही. तापमान म्हणजे किती गरम. उष्णता म्हणजे आत एकूण किती साठलंय. हवेत थोडी साठते, शरीरात लई. ती सावकाशच निघते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

वेळ कुणी दिला नाही. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला पायाला हात लावायचा होता. झाकण उघडलं की उन्हाळा आत. मग एक पुढारी आले, दोघांनी धरून आणलेला हार घेऊन. "साहेब, इथं नका ठेवू," मी म्हणालो. "असू दे, माझे गुरुजी होते ते," म्हणत त्यांनी तो जाळीवरच ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या माणसांनी मला मागे सारलं. मशीन पुन्हा बंद.

कुणाचाच हेतू वाईट नव्हता. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दुपार कलली तसा चेहरा बदलायला लागला. मोठ्या माणसांनी दत्ताला बाजूला घेतलं.

"ताई नगरला पोचली हाय," तो रडवेला होऊन म्हणाला. "जरा थांबू."

"पोरीला असला चेहरा दाखवायचा का?" बापूंनी विचारलं. गुरुजींना नेलं.

हारही त्यांच्यासोबत गेले. अंगण रिकामं झालं. गर्दी पांगल्यावर मशीन आपसूक चालू झालं, ते बंद करायचं मला भानच राहिलं नाही. सुनंदाताई आली तेव्हा मी बॉक्सजवळ एकटाच बसलो होतो. तिने झाकण उघडलं आणि आतल्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"रफिकभाई, हे तर किती गार आहे."

जाळी मोकळी, झाकण बंद, आत कुणीच नाही. गार होणारच. हे सगळं तिला समजावता आलं असतं. "माफ करा ताई," एवढंच म्हणालो.

आता मी बॉक्स उलटा लावतो, जाळी डोक्याकडे. तिथे लोक दिवा ठेवतात. मशीनच्या वाऱ्याने दिवा विझतो, म्हणून कुणीतरी जाळीला पुठ्ठा लावतं. आता बॉक्स लावून मी घरी परतत नाही. पुठ्ठा काढायला तिथेच बसून राहतो.