बाबू रजेवर आहेत

बारावीचा निकाल लागला की आम्ही प्राध्यापक मंडळी पोरं शोधायला निघतो. समाजकार्याच्या आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा वर्ग भरला नाही तर तासिका कमी होतात, आणि तासिका कमी झाल्या की शेवटी लागलेला माणूस अतिरिक्त ठरतो. दहा वर्षांपूर्वी तो शेवटचा माणूस मी होतो. म्हणून माहितीपत्रकांची पिशवी मोटारसायकलच्या हँडलला अडकवून मोताळ्याकडची गावं मी एकट्यानं पालथी घातली.

या कामाची एक रीत आहे. नुसत्या होकाराला किंमत नसते. दुपारी दुसऱ्या कॉलेजचे सर येतात आणि तोच होकार घेऊन जातात. म्हणून ओरिजनल मार्कशीट मागून घ्यायची. ती आपल्या पिशवीत आली की पोरगी आपली.

एका गावात गाद्या भरून देणारं मुसलमान कुटुंब होतं. बापाच्या भुवयांवर कापसाची कुसं. थोरल्या मुलीला चांगले गुण पडले होते आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. मी म्हणालो, नर्सिंगमध्ये लोकांची घाण काढावी लागते. आमच्याकडून पदवी घेतली की शासनाचे प्रकल्प, समुपदेशकाची जागा, गावोगाव जीपमधून फिरायचं.

"जीप सरकारी राह्यते का सर?" बापानं विचारलं.

"सरकारीच."

"मंग आपल्या दारासमोरच लावजो वं ती," तो मुलीला म्हणाला. "मोहल्ला पाहू दे."

ती लाजून हसली. मी मार्कशीट पिशवीत घातली.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, बापलेक एसटीनं कॉलेजात आले. नर्सिंगच्या यादीत तिचा नंबर लागला होता आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मूळ कागद दाखवायचे होते. मार्कशीट ठेवलेल्या कपाटाची किल्ली ऑफिसातल्या बाबूंकडे होती. बाबू इमारतीतच होते. मी म्हणालो, "बाबू रजेवर आहेत. सोमवारी या."

सोमवारी ते आले तेव्हा ती जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. आमचा प्रवेश अर्ज मी माझ्या हातानं भरून दिला. बापानं माझे आभार मानले.

ती पाच वर्षं शिकली आणि माझ्या हाताखालून गेलेल्यांत सर्वांत चांगली निघाली. एका टाकलेल्या बाईची निराधार योजना मंजूर व्हावी म्हणून ती तीन दिवस तहसीलच्या पायरीवर बसली होती. कागद झाल्यावर ती बाई तिच्या गळ्यात पडून रडली. हे सगळं खरं आहे. पण पुढे तिला मिळाले ते अकरा महिन्यांचे कंत्राटी आदेश. मानधन कधी तीन महिन्यांनी यायचं, एसटीचं भाडं रोज लागायचं. एक प्रकल्प बंद पडला, मग दुसरा. गेली दोन वर्षं आदेशच नाही. तिच्या बारावीच्या वर्गातली जी मुलगी नर्सिंगला गेली, ती ग्रामीण रुग्णालयात कायम झाली.

या पदवीनं पोट भरतं का, असं प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात. भरतं. माझं भरलं. माझी नोकरी टिकली.

या जूनमध्ये वाटून दिलेल्या यादीत पुन्हा तेच गाव आलं. धाकटी बारावी झाली होती. पिशवी घेऊन मी गेलो, हे आधीच सांगून टाकतो. प्रवेश मागायलाच गेलो होतो.

थोरली ओसरीवर बसून गादीला टाके घालत होती. हातात लांब सुई. मला पाहून म्हणाली, "या सर. दारातली जीप पाह्यली नाही तुमी? सरकारीच हाय ना ती." धाकटी खळखळून हसली, बापही हसला. मीही हसलो.

बाप आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून मार्कशीट घेऊन आला. मी अजून काही मागितलं नव्हतं. "घ्या, ओरिजनल हाय. सकाळीच दुसरे सर येऊन गेले, म्या देल्ली नाही. म्हटलं आपले सर येतीन."

"मले आपासारखंच करायचं हाय," धाकटी थोरल्या बहिणीकडे पाहत म्हणाली.

कागद माझ्या हातात होता. पिशवीची चेन उघडी होती.

"हिला नर्सिंगला टाका," मी म्हणालो. "आमच्याकडे नको. नोकऱ्या नाहीत. तेव्हाही नव्हत्या."

बापाला काही कळेना. थोरलीची सुई मात्र थांबली. एकीला खरं सांगताना दुसरीला मी काय सांगतोय, हे तिचा चेहरा पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. मग मागे फिरणं शक्य नव्हतं. मी म्हणालो, "त्या शनिवारी बाबू रजेवर नव्हते."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "बाबूनंच आमाले पाणी देल्लं होतं. अब्बाच्या ध्यानात नाही आलं, पण कोणीतरी त्याइले बाबू म्हून हाक मारली ते म्या आयकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काऊन बोलू? मले वाटलं, सर आपल्याले जाऊ देऊन नाही राह्यले, म्हणजे आपल्यात त्याइले काही दिसलं असन." तिनं सुई गादीत खोवली. "काय दिसलं होतं, सर?"

वर्ग भरायला एक नाव कमी होतं. मला तेवढंच दिसलं होतं. ते मी तिला सांगितलं. दहा वर्षं ती ज्याच्यावर उभी होती ते मी काढून घेतलं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

ती रडली नाही, चिडली नाही. उठून तिनं माझ्या हातातली मार्कशीट घेतली, त्यावर चिकटलेलं कापसाचं कुस फुंकून उडवलं आणि धाकटीला दिली.

"पेटीत ठेव. लोकाले झेरॉक्स देजो. ओरिजनल कोणाले देऊ नको. कोणालेच."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सरसाठी चहा ठेव वं," आणि पुन्हा सुईत दोरा ओवायला बसली.