एका गल्लीत एकच बेल

आपांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" हे उत्तर चालत नसे. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या कॉम्प्युटर भरतकामाच्या दुकानात मी ऑपरेटर होते. साडी असो, ओढणी असो, मशीन त्यावर हवी ती नक्षी काढायचं. कुठल्या नक्षीबद्दल विचारल्यावर मी स्क्रीनकडं बोट दाखवलं, की आपा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "कागद काढ बेटा. ह्या डब्यात मी मुंडकं घालू का?"

तसं त्यांचंही खोटं नव्हतं. नवरीच्या घरी जाऊन ऑर्डर घ्यायची त्यांची पद्धत, आणि तिथं काही त्या कॉम्प्युटर नेणार नव्हत्या. शिवाय त्यांचा एक नियम होता: एका नवरीला दिलेली बेल, म्हणजे काठाची वेलनक्षी, त्याच गल्लीतल्या दुसऱ्या नवरीला द्यायची नाही. तशी जबानच त्या प्रत्येक घरी देऊन यायच्या. म्हणून प्रत्येक नक्षीचं फोल्डर नवरीच्या आणि गल्लीच्या नावानं, तेही मराठीत, आणि सगळ्या फोल्डरांची छापील यादी कायम त्यांच्या पिशवीत.

ही यादी काढताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. फोल्डर उघडलं की नावं समोर दिसतात, पण ती छापायची सोय कुठंच सापडत नाही. मी स्क्रीनचे फोटो काढून, एकाखाली एक चिकटवून छापायचे. त्यात लांब नावं कापली जायची आणि नेमकी गल्लीच गायब व्हायची. आपा कागद डोळ्यांजवळ धरून शांतपणे विचारायच्या, "नाझनीन तर समजली. राहती कुठं ही?" मग मी पेन घेऊन गल्ल्या लिहीत बसायचे, आणि मनातल्या मनात कॉम्प्युटर बनवणाऱ्याचा उद्धार करायचे.

पुढं कुणीतरी मला कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायला शिकवलं. यादी म्हणे आपोआप फाइलमध्ये येते. ऐन लग्नसराईत मी ते करून बघितलं. यादी आली, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, पानंच्या पानं. मला रडू यायचंच बाकी होतं. आपांनी कागद उलटसुलट करून पाहिला, मला याद हाय म्हणाल्या, आणि तशाच खुलताबादला ऑर्डर घ्यायला गेल्या.

तिथंच घात झाला. एकाच गल्लीत तीच बेल दुसऱ्यांदा गेली. लग्न तोंडावर आलेलं असताना दुसऱ्या नवरीच्या आईचा फोन आला. ती बाई भांडली नाही, तुम्ही शब्द दिला होता, एवढंच म्हणाली. मी आपांना म्हटलं, कॉम्प्युटरनं घोळ घातला असं सांगून टाका. तर त्या माझ्यावरच उखडल्या.

"कॉम्प्युटरनं जबान दिली व्हती का? मी दिली व्हती."

रातोरात नाही, पण लग्नाआधी नवी ओढणी त्यांनी पदरमोड करून तयार केली. ती द्यायला मलाही बरोबर नेलं. त्या बाईचे दोन्ही हात धरून त्यांनी माफी मागितली, तेव्हा कुठं बघावं ते मला कळेना.

तो त्यांचा शेवटचा सीझन. नंतर त्यांनी अंथरूण धरलं ते सुटलंच नाही. दुकान आता मी चालवते. फोल्डरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सगळी नावं पूर्ण, मराठीत दिसतात आणि छापताही येतात, ही साधी युक्ती मला त्या गेल्यावर सापडली. ती पानं हातात घेऊन मी कितीतरी वेळ चरफडत बसले होते.

परवा एक मुलगी आली. तिच्या मोबाइलवर शेजारच्या मैत्रिणीच्या ओढणीचा फोटो होता, आमच्याच दुकानातल्या बेलीचा. तिला अगदी तशीच हवी होती. मी समजावलं, तुझ्या गल्लीत ही गेलीये, दुसरी दाखवते.

"दीदी, मला चालतंय, तिलाबी चालतंय," ती म्हणाली. "मग तुम्हाला काय झालं?"

तरी मी नाहीच म्हटलं. ती समोरच्या दुकानात गेली. तिथं फोटोवरून लगेच करून देतात. लग्नसराईत अशी गिऱ्हाइकं घालवून धंदा कसा चालायचा? आपांचा असा राग येतो की काय सांगू. जबान दिली त्यांनी, आणि पाळत बसलेय मी.